टीएमबी निळं झालं म्हणजे जिवाणू मेले का? नॅनोझाइमच्या प्रोजेक्टवाल्यांसाठी धागा

तापीकाठ

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कॉलेजांत नॅनोकणांवरचे एमएस्सीचे प्रोजेक्ट पूर्वी चांदीपाशी सुरू होऊन चांदीपाशीच संपायचे. आता बरीच मुलं नॅनोझाइमकडे, म्हणजे एन्झाइमसारखं काम करणाऱ्या नॅनोकणांकडे, वळली आहेत आणि विषय मोलाचा आहे. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट औषधरोधक जिवाणूंमुळे झाले, असा अंदाज आहे. पण अहवालांत एकच घोळ पुन्हा पुन्हा दिसतो. क्युव्हेटमध्ये (प्रकाश मोजण्याच्या छोट्या पारदर्शक नळीत) टीएमबी हे रंग बदलणारं रसायन निळं झालं, की पुढच्याच पानावर ‘प्रभावी जिवाणूनाशक’ असं लिहून मोकळे. या दोन गोष्टींमध्ये बरंच अंतर आहे. ते कसं कापायचं, याची माहिती एका जागी यावी म्हणून हा धागा.

मॅग्नेटाइटच्या (लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडच्या) कणांवर कुठलंही एन्झाइम न चढवता ते स्वतःच पेरॉक्सिडेजसारखं (पेरॉक्साइड वापरून इतर पदार्थांचं ऑक्सिडेशन करणाऱ्या एन्झाइमसारखं) वागतात, हे २००७ मध्ये चीनमधल्या यान शियुन यांच्या गटाने दाखवलं. कणाच्या पृष्ठभागावरचं लोह हायड्रोजन पेरॉक्साइड फोडतं आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतं. ते जिवाणूच्या पडद्यातले मेद, प्रथिनं, डीएनए, जे समोर येईल त्यावर तुटून पडतं. त्यामुळे पेनिसिलिन तोडणारं एन्झाइम जिवाणूकडे असलं तरी इथे त्याचा काही उपयोग नाही. मात्र हे रॅडिकल जेमतेम काही नॅनोसेकंद टिकतं आणि तेवढ्यात काही नॅनोमीटरच जातं. कण जिवाणूला चिकटला नाही, तर मारा वाया.

पहिल्या प्रोजेक्टला मॅग्नेटाइटच घ्या. स्वस्त आहे, चुंबकाने ओढता येतं आणि चुकलं तर रंगावरून कळतं. कृती अशी: फेरिक क्लोराइड हेक्साहायड्रेट ५.४ ग्रॅम आणि फेरस क्लोराइड टेट्राहायड्रेट २.० ग्रॅम (म्हणजे मोलमध्ये २:१) हवा काढलेल्या १०० मिलि डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा. नायट्रोजन सोडत ८० अंशांपर्यंत न्या, जोरात ढवळा आणि २५ टक्के अमोनिया १२ ते १५ मिलि एकदम न ओतता पाचेक मिनिटांत घाला. द्रावण काळंभोर होईल. अर्धा तास तसंच ढवळत ठेवा, पीएच १० च्या आसपास हवा. चुंबकाने खाली बसवून वरचं पाणी ओतून द्या आणि पाणी उदासीन होईपर्यंत धुवा. हिशेबाने २.३ ग्रॅम मिळायला हवं, धुण्यात थोडं जातं.

क्षारपड

सर, कृती बरोबर आहे, पण आपल्याकडे ती नेमकी कुठे फसते तेही लिहितो.

सगळ्यात आधी फेरस क्लोराइडची बाटली बघा. स्फटिक फिकट हिरवे असतील तर ठीक. वरचा थर पिवळा-तपकिरी झाला असेल तर त्यातलं बरंच लोह फेरिक झालंय. मग २:१ चं प्रमाण कागदावरच राहतं आणि काळ्याऐवजी तपकिरी गाळ येतो. दुसरं म्हणजे अमोनिया. मे महिन्यात खोलीत ४० च्या वर तापमान असताना ती बाटली सरळ उघडू नका. वायू फसकन तोंडावर येतो. बर्फात थंड करून फ्युम हुडमध्येच उघडा. वर्षभर उघडझाक झालेल्या बाटलीत २५ टक्के अमोनिया उरलेला नसतो, म्हणून मिलिलिटर मोजत बसण्यापेक्षा पीएच बघून थांबा.

धुतलेले कण वाळवून पूड करू नका. एकदा वाळले की गठ्ठे होतात आणि सोनिकेटरनेही नीट सुटत नाहीत. पाण्यातच ठेवा. संहतीसाठी १ मिलि नमुना आधी वजन केलेल्या वाटीत ६० अंशांना वाळवून तोला. तीन वेळा तोलून सरासरी घ्या. ‘साधारण १ मिलिग्रॅम’ असं अंदाजाने धरलं, की पुढचे सगळे आकडे डळमळीत.

साठवणीत काळ्याचा तांबूस तपकिरी रंग येत गेला, तर मॅग्नेटाइटचं मॅगहेमाइट (लोहाचं दुसरं ऑक्साइड) होतंय आणि पेरॉक्सिडेजसारखी क्रिया कमी होत जाईल. एक्सआरडीवर (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखण्याच्या चाचणीवर) फार विसंबू नका. ३०.१, ३५.४, ४३.१, ५७ आणि ६२.६ अंशांची शिखरं दोन्हींत जवळजवळ त्याच जागी येतात.

आणि एक कळकळीची विनंती. केळीच्या सालीच्या किंवा पानांच्या अर्कातून ‘हरित’ मॅग्नेटाइट करायचा मोह आपल्या भागात फार आहे, कारण रावेर-यावलला साल फुकट मिळते. पण त्या अर्कातले पॉलिफेनॉल कणावर बसतात आणि ते मुळात अँटिऑक्सिडंट आहेत. ज्या रॅडिकलने जिवाणू मारायचा, तेच हे आधी गिळतात. हा अर्क वापरायचाच असेल, तर बिनअर्काचे कण शेजारी ठेवून तुलना केलीच पाहिजे.

एमएस्सी_शिरपूर

खूप छान माहिती. आमच्याकडे नायट्रोजनचा सिलिंडर नाही. चालेल का? आणि टीएमबी महाग पडतं, ओपीडी (ऑर्थो-फेनिलीनडायअमीन, रंग बदलणारं दुसरं रसायन) वापरलं तर?

क्षारपड

पाणी २० मिनिटं खळखळ उकळा, फ्लास्क बुचाने बंद करा आणि बंदच थंड होऊ द्या. क्षार त्यात झटपट विरघळवून लगेच अमोनिया घाला. सिलिंडरइतकं चांगलं होत नाही, पण काम भागतं. बाहेरच्या हवेत तासभर ढवळत बसलात, तर मात्र तपकिरी होणारच.

ओपीडी टाळा. ते विषारी आहे, कर्करोगकारक असल्याचा संशय आहे आणि उजेडात स्वतःच पिवळं पडतं. टीएमबी तसं फार लागत नाही. डीएमएसओ या द्रावकात मिलिलिटरला १० मिलिग्रॅमचं द्रावण करा. एका चाचणीला त्यातलं २० मायक्रोलिटर पुरतं.

चाचणीचा १ मिलिचा हिशेब: ०.२ मोलर अॅसिटेट बफर (पीएच ३.६ ते ४) ८८५ मायक्रोलिटर, मिलिलिटरला १ मिलिग्रॅम कणांचं द्रावण ४० मायक्रोलिटर, टीएमबी २० आणि शेवटी ३० टक्के पेरॉक्साइड ५५ मायक्रोलिटर. पेरॉक्साइड पडलं की घड्याळ सुरू. ६५२ नॅनोमीटरला दर दहा सेकंदांनी रीडिंग घ्या आणि सुरुवातीचा सरळ भागच मोजा. फॉस्फेट बफर वापरू नका. फॉस्फेट लोहाच्या पृष्ठभागावर घट्ट बसतं आणि क्रिया दाबतं. ‘आमचे कण चालतच नाहीत’ अशा तक्रारींत पहिला प्रश्न बफरचाच विचारावा.

समजा शोषण मिनिटाला ०.३९ ने वाढलं. निळ्या टीएमबीचा मोलर गुणांक ३९,०००. भागलं की मिनिटाला १० मायक्रोमोलर, म्हणजे १ मिलित ०.०१ मायक्रोमोल, म्हणजेच ०.०१ युनिट (एक युनिट म्हणजे मिनिटाला १ मायक्रोमोल). कण ०.०४ मिलिग्रॅम होते, तर मिलिग्रॅमला ०.२५ युनिट. अहवालात हा आकडा द्या. नुसता निळ्या क्युव्हेटचा फोटो कुणाच्या कामाचा नाही.

पेरॉक्साइडच्या बाटलीवर ३० टक्के छापलंय म्हणून तेवढं आहे, असं धरू नका. आपल्या उन्हाळ्यात बाहेर राहिलेली बाटली नक्कीच उतरलेली असते. २४० नॅनोमीटरला मोजा, गुणांक ४३.६. १० मिलिमोलर समजून केलेलं द्रावण ०.४३ ते ०.४४ दाखवायला हवं. ०.३ दाखवलं, तर ते ७ मिलिमोलरच आहे.

तापीकाठ

यातच खरी मेख आहे, म्हणून मध्येच लिहितो. वरच्या चाचणीत पेरॉक्साइड सुमारे ५३० मिलिमोलर आहे. २००७ च्या कामात मॅग्नेटाइटचा पेरॉक्साइडसाठीचा केएम (ज्या संहतीला वेग कमालीच्या निम्मा होतो ती) १५४ मिलिमोलर निघाला होता. मुळ्याच्या जातीच्या हॉर्सरॅडिशमधून काढलेल्या खऱ्या पेरॉक्सिडेजचा ३.७. म्हणजे टीएमबीला मॅग्नेटाइट उत्तम पकडतं, पण पेरॉक्साइड त्याला भरपूर लागतं. आता जिवाणूंवर १ मिलिमोलर पेरॉक्साइड घेऊन प्रयोग केला, तर वेग कमाल वेगाच्या पाऊण टक्क्याहूनही कमी राहतो. क्युव्हेटमधला निळा रंग पाहून जी अपेक्षा बांधली, ती इथे लागूच होत नाही. आणि ५३० मिलिमोलर घेतलं, तर कणांची गरजच उरत नाही. औषधाच्या दुकानातलं ३ टक्के पेरॉक्साइड सुमारे ८८० मिलिमोलर असतं. ते जिवाणू मारतं, पण जखमेतल्या चांगल्या पेशींनाही भाजतं. नॅनोझाइमने नेमकं हेच साधायचंय: पेरॉक्साइड इतकं कमी की पेशींना सोसवेल, आणि तरी जिवाणू मरावा.

प्लेटकाउंट

सर, तुम्ही लिहिलंत ते प्रत्येक प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर यायला हवं. जिवाणूंची बाजू मी लिहिते.

स्ट्रेन: सुरुवात एटीसीसी (प्रमाणित जिवाणूंचा अमेरिकन संग्रह) २५९२३ स्टॅफ ऑरियस आणि एटीसीसी २५९२२ ई. कोलायने करा. औषधरोधक हवा असेल तर एमआरएसएचा (मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफ ऑरियसचा) एटीसीसी ४३३००. दवाखान्यातला रुग्णाचा नमुना रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये उघडायचा नाही. एमआरएसएसाठी जैवसुरक्षेची दुसरी पातळी, तपासलेलं सेफ्टी कॅबिनेट आणि संस्थेच्या समितीची परवानगी लागते. धुळे-जळगावच्या मेडिकल कॉलेजांतल्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाशी बोलून तो भाग तिथेच करणं उत्तम.

रात्रभरचं कल्चर ब्रॉथसकट वापरू नका. ब्रॉथमधली पेप्टोन, यीस्ट अर्क सगळं रॅडिकल खातं. सेंट्रिफ्यूज करून ०.८५ टक्के सलाइनने दोनदा धुवा, ०.५ मॅकफार्लंड या गढूळपणाच्या मापाला जुळवा (मिलिलिटरला साधारण १५ कोटी) आणि १५० पट पातळ करा. १० लाख मिळतील.

मग आधी नुसत्या पेरॉक्साइडची मालिका लावा: ०.१, ०.५, १, ५, १० मिलिमोलर, ३७ अंश, ३० मिनिटं. ज्या संहतीला एकट्याने अर्ध्या लॉगपेक्षा (एक लॉग म्हणजे दहापट) कमी घट येते, ती निवडा. स्टॅफकडे कॅटलेज (पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम) भरपूर असतं, एन्टरोकॉकसकडे नसतं, त्यामुळे प्रत्येक जातीसाठी ही संहती वेगळी निघेल. एकीचा आकडा दुसरीला लावू नका.

नळ्या किमान पाच हव्यात. नुसते जिवाणू. जिवाणू आणि पेरॉक्साइड. जिवाणू आणि कण. तिन्ही एकत्र. आणि पाचवी, जी बहुतेक जण विसरतात: कण तेवढाच वेळ त्याच बफरमध्ये ठेवून सेंट्रिफ्यूजने काढून टाका आणि उरलेल्या पाण्यात जिवाणू व पेरॉक्साइड घाला. आम्लात कणातून लोह सुटतं आणि सुटं लोहसुद्धा हीच क्रिया करतं. पाचव्या नळीत चौथीइतकेच जिवाणू मेले, तर तुम्ही नॅनोझाइम नव्हे, विरघळलेलं लोह तपासलंत.

वेळ झाली की क्रिया थांबवा. कॅटलेजचं द्रावण किंवा डी/ई न्यूट्रलायझिंग ब्रॉथ घालून मगच पातळ करून प्लेटवर पसरा. न थांबवता पसरलं तर प्लेटवरही मारणं चालू राहतं आणि ‘३० मिनिटं’ हा आकडा खोटा ठरतो. थांबवणारं द्रावण स्वतः जिवाणूंना मारत नाही ना, तेही एकदा बघा.

एमएस्सी_शिरपूर

ताई, प्लेटऐवजी ९६ खान्यांच्या प्लेटमध्ये ओडी ६०० (६०० नॅनोमीटरला गढूळपणा) घेतली तर वेळ वाचेल. एमटीटीपण (जिवंत पेशींमुळे रंग बदलणारं द्रव्य) आहे आमच्याकडे.

प्लेटकाउंट

नाही. कण काळे आहेत, ते स्वतःच प्रकाश अडवतात. ओडी वाढली ती जिवाणूंमुळे की कणांमुळे, हे सांगता येणार नाही. एमटीटी आणि त्याच जातीचं रेझाझुरिन रंग बदलतात ते इलेक्ट्रॉनच्या देवाणघेवाणीवर, आणि तुमचा कण नेमका तोच व्यवहार करतो. वसाहती मोजण्याला इथे पर्याय नाही. ३० ते ३०० वसाहतींच्या प्लेटच मोजा. पातळ न करता ०.१ मिलि पसरल्यावर एक वसाहत म्हणजे मिलिलिटरला १०, म्हणजे १० लाखांपासून फार तर ५ लॉग घट दाखवता येते. ‘९९ टक्के मेले’ हे ऐकायला मोठं वाटतं, पण ती फक्त २ लॉग घट आहे. १० लाखांतले १० हजार जिवंत आहेत आणि ई. कोलायला ते भरून काढायला चांगल्या ब्रॉथमध्ये अडीच तासही लागत नाहीत.

आणखी एक फसवं चित्र बघा. कण आणि जिवाणू मिळून गुठळ्या होतात. एका गुठळीत पन्नास जिवंत जिवाणू असले तरी प्लेटवर एकच वसाहत उगवते. घट दिसते, मेलेलं कुणीच नसतं. तिसऱ्या नळीत, म्हणजे पेरॉक्साइडशिवाय, आकडा पडला तर हा संशय घ्या. पातळ करण्याच्या सलाइनमध्ये ०.१ टक्का ट्वीन ८० (गुठळ्या सोडवणारं साबणासारखं द्रव्य) घालून एक मिनिट व्होर्टेक्स करा आणि एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघा.

गिरणाथडी

पीएचचा प्रश्न कुणी काढला नाही म्हणून विचारतो. पीएच ४ च्या अॅसिटेटमध्ये जिवाणू आम्लानेच मरणार ना?

क्षारपड

भाऊ, अगदी बरोबर. अॅसेटिक आम्लाचा पीके (ज्या पीएचला अर्धं आम्ल विघटित होतं तो) ४.७६. पीएच ४ ला त्यातलं सुमारे ८५ टक्के अविघटित असतं, आणि तेच पडद्यातून आत शिरतं. पीएच ५.५ ला ते १५ टक्क्यांवर येतं. म्हणून जिवाणूंच्या चाचणीला बफर १० ते २० मिलिमोलर, पीएच ५.५, त्यात सलाइन. कणांचा वेग थोडा घटतो, पण निकाल विश्वासाचा मिळतो. टीएमबीची चाचणीसुद्धा त्याच पीएचला आणि त्याच पेरॉक्साइडला एकदा करून शेजारी मांडा. पीएच ४ चा वेग आणि ५.५ चं मारणं एका तक्त्यात बसवू नका.

प्लेटकाउंट

शिवाय बऱ्याच लेखांच्या प्रस्तावनेत ‘संसर्गाची जागा आम्लधर्मी असते’ एवढ्यावर भागवलेलं असतं. गळवात, जाड बायोफिल्मच्या (जिवाणूंच्या चिकट थराच्या) पोटात असते. पण जुनी, भरत नसलेली जखम बहुतेकदा अल्कधर्मी असते, पीएच ७ ते ९. मधुमेही पायाच्या जखमेसाठी हे वापरायचं म्हणणाऱ्याने पीएच ७.४ चं रीडिंग दाखवलंच पाहिजे.

तापीकाठ

त्यावर दोन वाटा आहेत. एक, ग्लुकोज ऑक्सिडेज सोबत ठेवायचं. ते ग्लुकोजपासून ग्लुकॉनिक आम्ल आणि पेरॉक्साइड दोन्ही तयार करतं, म्हणजे पीएच जागेवर उतरतो आणि पेरॉक्साइड बाहेरून ओतावं लागत नाही. रक्तातली साखर जास्त असलेल्या जखमेसाठी ही कल्पना फार सुंदर आहे. अडचण अशी की त्याला ऑक्सिजन लागतो आणि बायोफिल्मच्या तळाशी नेमका तोच कमी. दुसरी, अहमदाबाद विद्यापीठातल्या गटाने २०१७ मध्ये दाखवलं की एटीपी (पेशीतला ऊर्जा वाहणारा रेणू) घातल्यावर मॅग्नेटाइट उदासीन पीएचलाही पेरॉक्सिडेजसारखं चालतं. ते काम ग्लुकोज मोजण्यासाठी होतं, पण विद्यार्थ्याला इथून चांगला प्रश्न उचलता येईल.

कासदाह_वैद्य

गाई-म्हशींच्या कासदाहासाठी विचारणा होतेच, म्हणून थोडक्यात. स्टॅफ ऑरियसचा कासदाह अँटिबायोटिकला अनेकदा दाद देत नाही, हे खरं. पण दुधात केसीन, मेद, स्वतःचं कॅटलेज आणि लॅक्टोपेरॉक्सिडेज असतं. सलाइनमध्ये ४ लॉग दाखवणारा कण दुधात एक लॉगही दाखवेल, याची खात्री नाही. प्रयोग करायचाच तर नळीत, निर्जंतुक स्किम दुधात, वेगवेगळ्या प्रमाणात. सडातून आत काहीही सोडायचं नाही. दुधात पेरॉक्साइड मिसळायला आपल्या अन्नसुरक्षा नियमांत परवानगीही नाही.

एमएस्सी_शिरपूर

सेरियमचे कण विभागात तयार आहेत. ते वापरले तर चालतील? आणि ‘याला जिवाणू प्रतिकार करूच शकत नाहीत’ असं निष्कर्षात लिहू का?

तापीकाठ

सेरियम ऑक्साइड दुहेरी आहे. आम्लात ते पेरॉक्साइड नसतानाही टीएमबी निळं करतं, म्हणजे ऑक्सिडेजसारखं वागतं. उदासीन पीएचला मात्र ते कॅटलेजसारखं पेरॉक्साइड पाणी आणि ऑक्सिजन करून संपवतं. म्हणजे चुकीच्या पीएचला तुम्ही जिवाणूचंच रक्षण कराल. नळीत बारीक बुडबुडे दिसले, तर पेरॉक्साइड वाया जातंय असं समजा. आणि फॉस्फेट इथेही गोंधळ घालतं. सुपरऑक्साइड मोडण्याची त्याची क्षमता त्याने जाते.

प्लेटकाउंट

प्रतिकाराबद्दल ते वाक्य कृपया लिहू नका. चांदीबद्दल हेच बोललं जायचं. २०१८ मध्ये दिसलं की ई. कोलाय फ्लॅजेलिन (त्याच्या शेपटीचं प्रथिन) सोडून चांदीच्या नॅनोकणांच्या गुठळ्या करतो आणि वाचतो. पेरॉक्साइडविरुद्ध तर ई. कोलायसारख्या जिवाणूंकडे ऑक्सीआर ही नियंत्रक यंत्रणा आणि कॅटलेज आधीपासूनच आहेत. शिवाय धातुरोधक आणि औषधरोधक जनुकं एकाच प्लाझ्मिडवर (जिवाणूतल्या सुट्या डीएनए-कड्यावर) असू शकतात. धातू वापरून आपण नकळत औषधरोधकालाच निवडत असू. दावा करायचा असेल, तर उपमारक (न मारणाऱ्या) मात्रेत जिवाणू २० ते ३० वेळा नव्या ब्रॉथमध्ये नेऊन वाढवा, समांतर सिप्रोफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकची ओळ ठेवा आणि दोन्हींची एमआयसी (वाढ रोखणारी किमान मात्रा) शेजारी मांडा. वेळ नसेल तर ‘एका लक्ष्यावर अवलंबून नाही’ एवढंच लिहा.

बायोफिल्म केलात तर क्रिस्टल व्हायोलेट या रंगाच्या चाचणीवर थांबू नका. ते मेलेल्या पेशी आणि चिकट गाळ दोन्ही रंगवतं. जिवाणू सगळे मेले तरी रंग तसाच राहू शकतो. खाना खरवडून, सोनिकेट करून वसाहती मोजा.

गिरणाथडी

शेवटचा प्रश्न. घरात मधुमेहाच्या जखमेचा माणूस असलेले लोकही हे वाचत असतील. हे कण आणि पेरॉक्साइड जखमेवर लावता येतात का?

प्लेटकाउंट

नाही, अजिबात नाही. लॅबमधल्या कणांत काय काय उरलंय, ते निर्जंतुक आहेत का, पेशींना किती सोसतात, यातलं काहीच तपासलेलं नसतं. लोह ऑक्साइडचं फेरुमॉक्सिटॉल हे औषध अमेरिकेत २००९ मध्ये मान्य झालं ते लोहाच्या कमतरतेच्या अॅनिमियासाठी. २०१८ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या गटाने ते दातांवरच्या बायोफिल्मसाठी पेरॉक्साइडबरोबर तपासलं, हे आशादायक आहेच. पण जखम डॉक्टरांनाच दाखवा. पाय काळा पडत असेल, वास येत असेल, ताप असेल तर त्याच दिवशी.

एमएस्सी_शिरपूर

सगळ्यांचे मनापासून आभार. मग असं ठरवतो: मॅग्नेटाइट मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम, पीएच ५.५ आणि ७.४, पेरॉक्साइड मालिकेतून निवडलेलं, पाच नळ्या, वेगवेगळ्या दिवशी तीनदा. पीएच ७.४ ला बफर कोणता घ्यावा, फॉस्फेट तर नको?

क्षारपड

फॉस्फेट नको. ट्रिसही नको, ते रॅडिकल खातं. साध्या सलाइनचा पीएच पातळ सोडियम बायकार्बोनेटने जुळवा आणि प्रयोगाच्या आधी व नंतर दोन्ही वेळा मोजून नोंदवा, तो सरकतो. रॅडिकलचा पुरावा हवा असेल तर टेरेफ्थॅलिक आम्ल घाला. ३१५ ला उत्तेजित केल्यावर ४२५ नॅनोमीटरला निळसर प्रकाश आला, तर हायड्रॉक्सिल आहे.

आणि टाकाऊ द्रावणाचं. नळ्यांत सवयीने हायपोक्लोराइट ओतू नका. आम्लधर्मी अॅसिटेटशी क्लोरीन वायू निघतो, कण बनवतानाच्या अमोनियाशी क्लोरामाइन. आधी कॅटलेजने पेरॉक्साइड संपवा, झाकणं सैल ठेवून १२१ अंशांना ३० मिनिटं ऑटोक्लेव्ह करा, मग चुंबकाने कण वेगळे काढून धातूच्या टाकाऊ बाटलीत जमा करा. पेरॉक्साइड शिल्लक असलेली घट्ट बंद बाटली ऑटोक्लेव्हमध्ये ठेवली तर फुटते.